फोटो दिसला नाही तर

आल्टदादांच्या शेजारी बसून समुद्र बघणं हा एक त्रासच होता. आपण जरा हरवून जावं म्हटलं की यांचं सुरू व्हायचं, "डावीकडं होडी. निळी, एकच. तिच्या सावलीत माणूस, उकिडवा. मधे कुत्रा, झोपलेला." मग मान पुढे काढून, "न्हायतर मेलेला. थांब, बघून येतो." आणि खरंच उठून बघून यायचे. कुत्रा प्रत्येक वेळी झोपलेलाच निघे, आणि दादांनी उठवल्यामुळे चिडलेला असे.

त्यांचं खरं नाव ऑफिसात फक्त पगाराच्या दिवशी निघायचं. अलिबागला एसटी स्टँडच्या मागे, पहिल्या मजल्यावर, आम्हा तिघांचं वेबसाइट बनवायचं दुकान होतं. मालक म्हणजे शेठ, मग दादा, आणि नुकताच डिप्लोमा करून आलेली मी. वेबपानावर फोटो टाकला की त्याच्यामागे शब्दांत वर्णन लिहायची एक जागा असते, तिला आल्ट म्हणतात. फोटो उघडला नाही तर तिथे ते वर्णन दिसतं, आणि अंध माणसाला कॉम्प्युटर ते वाचून दाखवतो. ही जागा रिकामी सोडायची जगभर पद्धत आहे. दादा मात्र ती भरायचे, आणि काठोकाठ भरायचे.

कारण घरी आक्का होती. रेवदंड्याला दादा आणि त्यांची थोरली बहीण, दोघंच राहत. आक्काला जन्मापासून दिसत नाही. बोलायला लागल्यापासून दादा तिला जग सांगत आले होते, आणि आक्का कच्चा माल खपवून घेत नसे. "छान हाय" म्हटलं की लगेच, "छान म्हंजे काय दिसलं?" त्यामुळे मी पहिल्याच दिवशी एका फोटोमागे 'सुंदर समुद्रकिनारा' असं लिहिलं तेव्हा दादांनी कपाळाला हात लावला. "बाय, सुंदर दिसत नसतं. दिसतं ते लिव. आणि डावीकडनं सुरू कर, म्हंजे काय सुटत न्हाय."

या खरेपणाने एकदा आमचं दुकान बुडायची वेळ आली होती. काशीदच्या एका कॉटेजवाल्याची साइट आम्ही थाटात चालू केली. शनिवारी गर्दी झाली, नेट गोगलगाईसारखं चालायला लागलं आणि लोकांच्या मोबाइलवर फोटो काही उघडेनात. फोटोंच्या जागी दादांचं वर्णन उघडलं : 'खोली दोन. पलंग, पंखा, गुलाबी भिंत. खिडकीतून समुद्र दिसत नाही, नारळ दिसतो.' सोमवारी कॉटेजवाला जिना चढून आला तो ओरडतच. "पैसे मी दिले, नि नारळ दिसतो लिवलाय?"

दादांनी शांतपणे विचारलं, "मंग समुद्र दिसतो काय?"

"दिसतो की!" तो म्हणाला, आणि जरा थांबून, "गच्चीवरनं."

दादांनी तिथल्या तिथे दुरुस्ती केली : 'समुद्र गच्चीवरून दिसतो. जिना अरुंद.' शेठ दोन दिवस दादांशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी कॉटेजवाल्याचा फोन आला की पुण्याचं एक कुटुंब नारळवाली खोलीच पाहिजे म्हणून अडून बसलंय, तेव्हा बाकीच्या खोल्यांतून काय काय दिसतं तेही लिहून टाका.

त्याच सुमारास वेबपानं लिहायच्या भाषेची नवी आवृत्ती ठरत होती. ब्राउजर बनवणाऱ्यांचा एक गट, नियमांची जुनी पोथी सांभाळणाऱ्यांचा दुसरा, आणि दोघांचं आपसात फारसं पटत नव्हतं. वाद ईमेलवर चालायचा आणि त्यात कुणालाही लिहायची मुभा होती. कुणालाही म्हणजे रेवदंड्यालाही, असा दादांनी अर्थ काढला. एरवी त्या भांडणात ते पडलेही नसते, पण त्यातला एक मुद्दा थेट त्यांच्या घरात शिरला होता. आल्ट लिहिण्याची सक्ती ठेवायची की सोडून द्यायची, असा तो मुद्दा होता.

आक्काकडे तेव्हा नुकताच बोलणारा कॉम्प्युटर आला होता, आणि तो बघायला मी रेवदंड्याला गेले होते. तो नाकातून बोलतो म्हणून आक्का त्याला 'सर्दीवाला' म्हणायची. तिने हौसेने मुंबईच्या बोटीचं वेळापत्रक उघडायला लावलं. कुणीतरी शहाण्याने वेळापत्रकाचा फोटोच काढून टाकला होता, मागे एक अक्षर नाही. सर्दीवाल्याने फाइलचं नाव वाचलं, "आय एम जी शून्य शून्य चार सात." आक्का म्हणाली, "भावा, लॉटरी लागली काय रं?" आम्ही दोघी खूप हसलो. दादा हसले नाहीत. मला स्टँडवर सोडायला येताना रिक्षात एवढंच म्हणाले, "मी हाय तवर सांगीन. माझ्यामागं तिनं कुणाकुणाला विचारत बसायचं?"

मग त्यांनी लिहायला सुरुवात केली. इंग्रजी त्यांचं होडीसारखं डुलत चाले, पण बुडत नसे. सक्ती ठेवा, कारण विचारलं तर माणूस खरं सांगतो, असा त्यांचा मुद्दा. तिकडून कुणा गोऱ्या गृहस्थाचं सभ्य उत्तर आलं की सक्ती केली तर माणूस खरं सांगत नाही, काहीतरी खरडून मोकळा होतो. दादा खवळले. "ह्या माणसाला माणसांची पारख न्हाय," असं मला म्हणाले आणि दोन पानी उत्तर लिहायला बसले.

ते उत्तर जाऊन तास झाला नसेल, शेठ आनंदाने खुर्चीतून उठले. समोरच्या गल्लीतल्या दुकानाने 'नवीन आवृत्तीत वेबसाइट' अशी पाटी लावली होती, म्हणून शेठनाही ती आवृत्ती ठरायच्या आधीच हवी होती. त्यात तपासणीच्या प्रोग्रामने एका जुन्या साइटवरच्या दोन-चार रिकाम्या आल्टबद्दल कुरकुर केली, तर यांनी दादा बघत नसताना सगळ्या साइटच्या सगळ्या फोटोंमागे एकच मजकूर भरून टाकला : 'स्वस्त बीच रिसॉर्ट स्वस्त.' नारळ गेला, जिना गेला. कॉटेजवाल्याच्या आईच्या फोटोमागेसुद्धा तेच. दादांनी एकेक फोटो उघडून पाहिला. मला वाटलं आता शेठचं काही खरं नाही. पण ते म्हणाले, "तिकडचा माणूस बरोबर बोलला गो." त्यांनी त्याला तसं प्रामाणिकपणे कळवलं, खाली लिहिलं की तरी सक्ती ठेवा, आणि सगळे फोटो डावीकडून पुन्हा लिहायला घेतले. शेठना एक शब्द बोलले नाहीत म्हणून मला त्यांचा भयंकर राग आला, आणि त्यांच्यावर जीव जडला तोही त्याच आठवड्यात.

निकाल यायला वर्षं लागली. नियम राहिला, पण त्याला पळवाटाही ठेवल्या. एकदा अलिबागला आले होते तेव्हा मी दादांना विचारलं, जिंकलात की हरलात? ते म्हणाले, "दार हाय. कडी लावायची इसरलेत." आणि चहा मागवला. तोवर मी पनवेलला नोकरीला लागले होते. मी अलिबाग सोडलं त्या दिवशी त्यांनी मला काही दिलं नाही, फक्त गाडी सुटेपर्यंत खिडकीखाली उभं राहून मलाच माझ्या एसटीचं वर्णन सांगितलं.

गेल्या वर्षी दादा गेले. साधा ताप म्हणता म्हणता गेले, आणि मला ते अजून पटलेलं नाही. मी रेवदंड्याला पोचले तेव्हा ओटीवर माणसं बसली होती, खुर्चीवर हार घातलेला फोटो होता आणि शेजारी आक्का. तिने माझा आवाज ओळखला आणि हात धरून जवळ बसवलं.

"फोटू लावलाय ना त्याचा? कसा हाय?"

"छान आहे हो," कुणीतरी मागून म्हणालं. "हसतायत."

आक्का माझ्याकडे तोंड करून थांबली. मी फोटोकडे पाहिलं. डोळे भरल्यामुळे नीट दिसत नव्हतं, ते पुसले आणि पुन्हा पाहिलं.

"चौकड्यांचा शर्ट. वरचं बटण नाही," मी म्हणाले. "चष्मा नाकावर घसरलाय. हसत नाहीयेत, आक्का. तोंड उघडं आहे. एक बोट वर केलंय. फोटो काढणाऱ्याला काहीतरी सांगतायत."

आक्का हसली. रडता रडता, पण चांगली मोठ्याने हसली. "मंग तोच हाय," ती म्हणाली. माझा हात तिने सोडला नाही.

"आता पयल्यापासनं सांग. डावीकडनं."