स्टोव्ह मीच पेटवला

मंडळी, आज स्वतःचं थोडं कौतुक करणार आहे.

मिस्टर गेल्यापासून श्रूजबरी गावातल्या आमच्या मोठ्या घरात मी एकटीच राहते. दाबलेल्या भुशाच्या गोळ्या जाळणाऱ्या दोन पेलेट स्टोव्हवर सगळं घर गरम होतं. त्यांची देखभाल हे खातं पूर्वी ह्यांचं होतं.

आज मुलगा रोहन आला, घर विकायचा विषय घेऊन. बोलता बोलता खालचा स्टोव्ह बंद पडला. बाहेर बर्फ.

"सी, आई? हेच म्हणतोय मी. थांब, कोणाला तरी कॉल करतो," रोहन म्हणाला.

"थांब जरा," मी म्हटलं. स्टोव्ह गार होऊ दिला. आतल्या भांड्यात राख घट्ट चिकटली होती, ती खरवडून काढली, व्हॅक्यूम केलं, गोळ्या भरल्या आणि बटण दाबलं. थोड्या वेळाने आग पेटली आणि गरम हवा यायला लागली.

रोहन जॅकेट काढून समोर बसला. "हू टॉट यू?"

"मॅन्युअल वाचलं. चुकत चुकत जमलं."

घराचा विषय त्याने पुन्हा काढला नाही. निघताना म्हणाला, "क्रिसमसला आम्ही सगळे इथेच येतो."

जोडीदाराच्या खात्यातलं कुठलं काम तुम्ही असं एकट्याने शिकलात? सांगा ना, वाचायला आवडेल.