त्या वेळी त्याला कळत होतं का

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. ओल्या कडब्याचा वास आला की मी तिथून उठून जातो, कारण धाकट्या भावानं शेजाऱ्याच्या डोक्यात कुऱ्हाड घातली ती कडब्याच्या गंजीपाशीच. मी धावत गेलो तेव्हा तो मेलेल्या माणसाच्या ओठांना कपबशी लावून बसला होता. म्हणाला, "दादा, हा उठत काऊन नाही? चहा थंडा होऊन राह्यला." मारताना आपण काय करतोय हेच त्याला कळत नसेल तर कायदा शिक्षा करत नाही, हे त्याच्या वकिलांनी मला समजावलं होतं. कोर्टात त्यांनी मला तेवढंच विचारलं, त्या वेळी त्याला कळत होतं का. पण माझ्या पोरीची सोयरीक उंद्रीला जमत होती, आणि काका बजावून गेले होते, "घरात येडेपन हाये म्हनशीन, तं पोरगी कोन करीन बे?" मी म्हणालो, "हो साहेब, त्याला सगळं कळत होतं." पिंजऱ्यातला भाऊ तेव्हा पोलिसाला कौतुकानं सांगत होता, "तो पाहा, माहा दादा." पोरगी आज सुखात आहे आणि भाऊ जन्मठेप भोगतो आहे. खरी साक्ष मी त्याला अजून देणं लागतो.