घायपातकाकांचा ब्रश

गल्लीत त्यांना सगळे घायपातकाका म्हणत, आणि काकांना ते आवडायचंही. प्लास्टिकच्या बादल्या घडवणाऱ्या कारखान्यातली एकवीस वर्षांची नोकरी सोडून हा माणूस मागच्या खोलीत भांडी घासायचे ब्रश करायला बसला. बांबूची मूठ, घायपाताचे धागे, धागे आवळायला लाकडाची पाचर. तार नाही, खिळा नाही, प्लास्टिकचा कण नाही. डोकं होतं हो काकांना, खोटं कशाला बोलू? पण स्वभाव! जरा मनाविरुद्ध झालं की तोंड फुगलंच म्हणून समजा.

ब्रशची परीक्षा घरच्याच मोरीत, काकूंच्या हातून. “काय म्हणतोय ब्रश?” काका दर महिन्याला विचारत. “छान आहे,” काकू म्हणत. काका वहीत लिहीत, छान. असे अकरा महिने गेले. मग एका मोठ्या दुकानानं आठशे ब्रश मागवले आणि काकांनी खोक्यांवर छातीठोकपणे छापून घेतलं, ‘वर्षभर टिकतो’. हाताखाली कामाला ठेवलेल्या दोन बायकांना सांगितलं, हा माल खपला की तुमचं काम कायमचं. नाही खपला, तर मात्र दाराला कुलूप.

सहा आठवड्यांत पोतीच्या पोती परत आली. मुठी बुरशीनं काळ्या पडलेल्या, बांबू फुगून पाचरा निसटलेल्या, धागे नुसते हातात येत होते. “लोकांना धड भांडी घासता येत नाहीत!” असं तणतणत काका घरातला अकरा महिन्यांचा ब्रश आणायला निघाले. तोच दुकानदाराच्या नाकासमोर धरायचा होता त्यांना.

पण ब्रश काकूंच्या हातात होता. जेवणाची भांडी चालली होती, म्हणून काका मोरीच्या दारात थांबले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, बरं का! शेवटचं पातेलं झालं तसा काकूंनी ब्रश झटकला, फडक्यात दाबदाबून पुसला, पाचर अंगठ्यानं आत ढकलली आणि खिडकीच्या गजाला उन्हात उलटा टांगला.

“हे रोज करतेस?”

“दोन्ही वेळा. दुपारी ऊन फिरलं की पलीकडच्या खिडकीत.”

आठशे घरांत हे कोण करत बसणार होतं?

“मला सांगितलं का नाहीस?”

“याच्या आधीचा, पहिला ब्रश आठवड्यात कुजला तेव्हा सांगितलं होतं की. चार दिवस जेवला नाहीत, महिनाभर माझ्याशी बोलला नाहीत. म्हटलं, त्यापेक्षा ब्रश वाळवलेला बरा.”

“अगं, पण खरं सांगितलं असतंस तर मी...”

“तर काय?”

काय केलं असतं, ते काकांना पुरतं ठाऊक होतं. लाज वाटली, जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

तेवढ्यात मागच्या खोलीतून कामाच्या दोघींपैकी एकीनं हाक मारली, “काका, उद्या किती वाजता येऊ?”

काकांनी काकूंकडे पाहिलं. “उद्यापासून येऊ नका म्हणावं,” ते हळूच म्हणाले. “तूच सांग ना.”

काकूंनी हात पुसले आणि त्या मागच्या खोलीकडे गेल्या.