फजितीचं टेबल

मुलाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि सहा आठवडे गाडी चालवायची नाही असं सर्जनने बजावलं, म्हणून त्या शनिवारी मी ड्रायव्हर झालो. नाहीतर पिनरहून मेडनहेडला सकाळी साडेआठला पोचून अंडी आणि बीन्स खायला मी कशाला जातोय? ब्रिटिश नौदलाच्या माजी मरीन सैनिकांचा तो नाश्ता. महिन्यातून एकदा, क्रिकेट क्लबच्या मागच्या खोलीत, एका लांबलचक टेबलाभोवती. मला वाटलं, त्याला सोडावं आणि गाडीत पेपर वाचत बसावं. मुलगा म्हणाला, "बाबा, कारमध्ये काय करणार? आत या. They don't bite."

खरं तर मला आत जायचंच होतं. माझा पेशा भूल देण्याचा. आयुष्यभर माझ्याशी माणसं दहापासून उलटे आकडे मोजत बोलली आणि सातपर्यंत गप्प झाली. निवृत्त झाल्यापासून मात्र मला ऐकण्याची खोडच लागली आहे. बसस्टॉपवरच्या अनोळखी बाईच्या सुनेची सगळी कर्मकहाणी मला पाठ असते. आणि माझा स्वतःचा मुलगा आठ वर्षं मरीन होता, त्या आठ वर्षांबद्दल मला काडीची माहिती नव्हती. त्याला विचारायची सोय मीच घालवून बसलो होतो.

मेडिकलला सहज जागा मिळेल असे मार्क असताना तो एकोणिसाव्या वर्षी भरती झाला, तोही ऑफिसर म्हणून नव्हे, साधा मरीन म्हणून. त्याची आई आदल्याच वर्षी गेली होती. ती असती तर मध्ये पडली असती. मी मात्र तडकलो आणि बोलून गेलो, "तुझ्या परेडला मी यायचा नाही." ट्रेनिंग संपून डेव्हनला त्याची पासिंग आउट परेड झाली, तेव्हा मी त्याला फोनवर सांगितलं की त्या दिवशी माझी थिएटर लिस्ट आहे, ऑपरेशनं लागली आहेत, निघता येणार नाही. लिस्टबिस्ट काही नव्हती. मी चक्क रजा घेतलेली होती. त्या थापेवर तो अठरा वर्षं विश्वास ठेवून होता. मंडळाच्या गणपतीत कुणी त्याची चौकशी केली तर मी "गव्हर्नमेंटमध्ये आहे" म्हणून मोकळा व्हायचो.

तर, टेबल. चौदा-पंधरा माणसं, तिशीपासून ऐंशीपर्यंतची. मी युद्धाच्या गोष्टी ऐकायच्या तयारीने बसलो होतो. पहिला तासभर बोलणं चाललं ते मोज्यांवर. ओले मोजे कुठे वाळवावेत यावर इतकी मतं असू शकतात हे मला माहीत नव्हतं. एक आजोबा कपडे धुण्याला चक्क 'धोबी' म्हणत होते. हा शब्द कुठून आला म्हणून विचारलं, तर म्हणाले, आमचाच आहे, पहिल्यापासून. मी वाद घातला नाही.

मग एकेकाची गोष्ट सुरू झाली. एकजण नॉर्वेत बर्फाला पाडलेल्या भोकात, पाठीवरच्या सामानासकट उतरला होता. तो ट्रेनिंगचाच भाग. पाण्यातून बाहेर यायची परवानगी मागताना आधी स्वतःचं नाव सांगायचं असतं, आणि याला थंडीने नाव आठवेना, म्हणून याने जे तोंडाला आलं ते, म्हणजे कुत्र्याचं नाव सांगितलं. दुसऱ्याने हातात नकाशा घेऊन आठ जणांना चार तास माळरानावर चालवलं आणि परत आपल्याच तंबूपाशी आणून सोडलं. प्रत्येक गोष्टीत सांगणारा माणूसच गाढव. मी चार-पाच गोष्टी मोजल्या, अपवाद नाही.

माझ्या शेजारी एक उंच, हडकुळे, सत्तरीचे गृहस्थ होते. त्यांना मी हळूच विचारलं की हे असं का. ते म्हणाले, "डॉक, या टेबलावर एकच नियम आहे. स्वतःची फजिती स्वतः सांगायची. स्वतःचं चांगलं काही असेल तर ते दुसऱ्याने सांगायचं."

मला गंमत वाटली. स्टॅनमोरला होणाऱ्या आमच्या मंडळाच्या पार्ट्यांत याच्या बरोबर उलट चालतं. आणि गंमत अशी की अभिमान त्या खोलीत ठासून भरलेला होता. फक्त कुणी स्वतःच्या तोंडाने तो बोलत नव्हतं.

थोड्या वेळाने त्यांनीच माझ्या मुलाचं सांगितलं. त्यांचा मुलगा आणि माझा एकाच तुकडीतले. अफगाणिस्तानात माझ्या मुलाने त्यांच्या जखमी मुलाला पाठीवर घेऊन, गोळीबारातून वाचवायला, एका कालव्यात उडी मारली होती, आणि तो गुडघा तेव्हाच गेला होता. मला आजवर फुटबॉल असं सांगण्यात आलं होतं. मी मुलाकडे पाहिलं. तो अंड्यावर मिरपूड टाकत होता, नको इतकी.

"म्हणजे ऑपरेशनं होती म्हणून परेडला येऊ न शकलेले डॉक्टर ते तुम्हीच," ते मला म्हणाले. "तुमचा पोरगा त्या दिवशी जरा उतरलेला होता. मी म्हटलं, काळजी करू नकोस, मला दोन हात आहेत, एक माझ्या पोराचा, एक तुझा. मी दोघांसाठी टाळ्या वाजवल्या." त्यांच्या बोलण्यात टोमणा अजिबात नव्हता. म्हणूनच मला खुर्चीत बसवेना. मी त्यांना खोदून खोदून विचारलं. पाऊस होता का? तो कितव्या रांगेत होता? बॅण्ड कुठला वाजला? त्यांनी सगळं सांगितलं. तिसरी रांग, डावीकडून दुसरा. बूट आरशासारखे. परेड संपल्यावर दोन्ही पोरांना त्यांनी फिश अँड चिप्स खायला नेलं होतं.

तेवढ्यात टेबलाच्या पलीकडून कुणीतरी म्हणालं, "नवीन माणसाची एक होऊ दे. डॉक, तुमची फजिती."

माझ्याकडे ऑपरेशन थिएटरातल्या हसण्यासारख्या दहा गोष्टी होत्या. कुठलीही चालली असती. पण मी सांगितलं ते दुसरंच. म्हणालो, त्या दिवशी लिस्ट नव्हती. मी पहाटे सहाला सूट घालून घरून निघालो. दीडशे मैल गाडी चालवली. साडेनऊला टॉन्टनच्या पुढे चहाला थांबलो. परेडला दीड तास बाकी होता आणि अंतर राहिलं होतं पस्तीस मैल. तिथे तासभर गाडीत बसलो आणि परत फिरलो.

 मग कुत्र्याचं नाव सांगणाऱ्याने गंभीरपणे विचारलं, "थांबलात तिथे खाल्लंत काय?"

"चीज सँडविच."

"सूट घालून?"

"सूट घालून."

ते असे काही हसले की मगातला चहा हिंदकळला. माझ्या पाठीत दोन-तीन थापा बसल्या. मी त्यांच्यातला झालो होतो, आणि मला त्याचं काही सुख नव्हतं, कारण एकटा माझा मुलगा हसला नव्हता.

परतताना तो गाडीत दुखरा पाय लांब करून माझ्या शेजारी बसला होता. मोटरवे संपून गावाचे रस्ते लागल्यावर म्हणाला, "बाबा, तुम्ही गोष्ट अर्धा सांगितला."

"अर्धी कशी?"

"सकाळी सहाला निघाले. सूट घातला. हंड्रेड अँड फिफ्टी माइल्स आले. हे चांगला पार्ट आहे ना? ते दुसऱ्याने सांगायचा. म्हणून मी सांगतो. You nearly came."

 मला वाटलं, मिटलं. पण तो पुढे म्हणाला, "परेडमध्ये डोकं हलवायचा नाही असतं. मी फक्त डोळ्यांनी गेटकडे बघत होतो. The whole time." आणि मग, "का फिरले परत? राग होता?"

इतकी वर्षं मी स्वतःलाही हेच सांगत आलो होतो की राग होता. रागाचं कारण सांगायला सोपं असतं. "नाही रे," मी म्हणालो. "तिथे सगळ्यांचे आईबाप जोडीने बसलेले असणार. तुझी आई नसताना मला तिथे एकट्याने बसायचा धीर झाला नाही."

तो खिडकीबाहेर बघत होता. "ती नव्हती," तो म्हणाला, "म्हणून तर तुम्ही पाहिजे होते."

"चुकलं माझं," मी म्हणालो, आणि गाडी रस्त्याकडेला घेऊन थांबवली, कारण मला समोरचं दिसत नव्हतं.