पेन्सिलीनंच लिहायचं

माझ्या हाताखालचा पेपर वैनीसाहेबांनी ओढून घेतला. वरच्या ओळीत मी माझं नाव लिहिलं होतं. ते लिहिताना घाम फुटला होता. त्यांनी पर्समधून खोडरबर काढलं आणि ते नाव पुसलं. वर फुंकर मारली. मग त्याच जागी, वळणदार अक्षरात, माझं नाव त्यांनी लिहिलं.

"सुनीची माय, तुमी नुसत्या बसा," त्या म्हणाल्या. "तुमच्यानं व्हायचं न्हाई."

बाकीच्या बायका हसल्या. त्या वाटच बघत होत्या, आपला पेपर कधी लिहून मिळतो याची.

आमच्या गावची शाळा, पालम तालुका. रविवारचा दिवस आणि प्रौढांची साक्षरतेची परीक्षा. पोरांच्या बाकात आमचे गुडघे मावत नव्हते. वैनीसाहेब आमच्या स्वयंसेवक. गावातल्या सगळ्यात मोठ्या शेतमालकाची सून, पदवी घेतलेली. त्यांच्याच रानात मी खुरपायला जायची.

पावसाळाभर वर्ग त्यांच्या ओसरीवर भरला. त्या खुर्चीवर, आम्ही पोत्यावर. आधी मूग निवडायचे, मग अभ्यास. मूग संपेपर्यंत दिवस मावळायचा, अभ्यास राहायचा. आठवड्यातून एकदा मात्र फोटो असायचा. वैनीसाहेब पाट्यांवर स्वतः अक्षरं काढायच्या आणि आमच्या हातात द्यायच्या. फोटो मोबाइलवरून वर साहेबाकडं गेला की पाट्या परत. आम्ही पदर सावरून हसायचो. का हसायचो? काम त्यांच्या रानात, उन्हाळ्यात पाणी त्यांच्या बोअरवर. हात दगडाखाली, मग हसायचंच.

मी शिकले ती ऊसतोडीला गेल्यावर. टोळीत माझी जाऊ होती, सातवी शिकलेली. ट्रॅक्टरची वाट बघत बसलो की ती काडीनं मातीत अक्षर काढायची आणि पायानं पुसायची. "आता तू काढ." कोयत्यानं घट्टे पडलेली बोटं वळायची नाहीत. ती चिडायची, शिव्या द्यायची, पण माझी काडी कधी तिनं हातात घेतली नाही. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखाना बंद होईपर्यंत, मला नाव, गाव, घरातल्या माणसांची नावं आणि एसटीची पाटी एवढं यायला लागलं. ते त्या पेपरवर माझ्या हातानं उतरावं, एवढंच मला पाहिजे होतं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी वैनीसाहेबांनी घरोघर सांगितलं होतं, पेन आणू नका, पेन्सिलीनंच लिहायचं. मला वाटलं, आपलं चुकलं तर खोडता यावं म्हणून बिचारीला आपली काळजी. आता कळलं काळजी कशाची. शंभर टक्के निकाल लागला की स्वयंसेवकाचा तालुक्याला सत्कार होणार होता. आयत्या पिठावर रेघोट्या!

खोटं कशाला सांगू, मी त्यांना लिहू दिलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. त्यांनी माझा पेपर पुरा केला, माझ्यापुढं टाकला आणि शेजारच्या म्हातारीचा ओढला.

मी वाचायला लागले. एक प्रश्न होता, तुमच्या घरात कोण कोण आहे? त्याखाली चार नावं होती. एकेका अक्षरावर बोट ठेवून, पुन्हा पुन्हा वाचली. त्यातलं एकही माणूस माझ्या घरातलं नव्हतं. माझी सुनीता नव्हती. मी म्हातारीच्या पेपरात डोकावले. तिच्या घरातही तीच चार माणसं. पलीकडचीच्या घरातही तीच. आमच्या सगळ्यांचा नवरा एकच!

हसू आलं नाही. अंगाची आग झाली. माझं नाव पुसलं ते मी सोसलं होतं. इथं माझं घरच पुसलं होतं.

मी उभी राहिले. "खोडरबर द्या."

"कशाला?"

"ह्या घरात मी ऱ्हात न्हाई."

वैनीसाहेब जवळ आल्या. हळूच म्हणाल्या, "उद्या कामाला यायचंय न्हाई का?"

"यायचंय. खोडरबर द्या."

त्यांनी दिलं नाही. परीक्षेवर देखरेखीला बसलेल्या गुरुजींकडे मी बघितलं. त्यांनी हजेरीच्या वहीत डोकं घातलं. मग मी पदराचं टोक थुंकीनं ओलं केलं आणि त्यांनी लिहिलेलं सगळं घासलं. कागद काळा झाला, एका जागी फाटला. उरलेल्या जागेत मी लिहिलं. पुन्हा कुणाला खोडता येऊ नये म्हणून इतकं दाबून लिहिलं की मागच्या बाजूला उमटलं. सुनीता. मग नवरा. मग सासू. घंटा झाली तेव्हा बाकीचे प्रश्न कोरेच राहिले होते.

गावात मी एकटीच नापास. सत्कार हुकला. शेजारणी म्हणाल्या, "तुझ्यापायी आमाला बी कामाला बोलवनात." नवरा म्हणतो, "जा, पाया पड, मिटव." खुरपायला आता दोन कोस चालत दुसऱ्या गावी जाते. पाणी मात्र अजून त्यांच्याच बोअरवरून आणते. तिथं टोमणे ऐकते, घागर भरते, परत येते. दुसरं पाणी कुठं आहे? पण पाया पडले नाही.

पुढच्या परीक्षेला नाव दिलंय. स्वयंसेवक त्याच आहेत. या वेळी पेपराला कुणी हात लावला तर भर वर्गात ओरडणार, तपासणीला साहेब आला तर त्याच्यापुढं उभी राहून सांगणार. कदाचित पुन्हा नापास होईन. झाले तर माझ्या हातानं होईन.