भिजत घातलेलं चाक

अमेरिकेत, शिकागोजवळच्या शॉमबर्गला माझ्याकडे येऊन बाबांना तीन आठवडेही झाले नव्हते, तोच "परतीचं अलीकडचं तिकीट काढ" सुरू झालं. आयुष्यभर बैलगाड्या घडवलेला माणूस. आमच्या घरात हात लावावा असं लाकूड नाही, सगळा दाबून चिकटवलेला भुसा. सहा महिने राहतील म्हणून मी हरखले होते, आणि हे दिवस मोजत बसलेले. मला रागही यायचा आणि रडूही.

मग एके दिवशी शेजारच्या आजोबांनी गॅरेज उघडलं. आत शंभराहून जास्त वर्षांची मोटारबग्गी! घोडागाडीच ती, फक्त घोडा काढून सीटखाली इंजिन बसवलेलं, आणि चाकं कमरेच्याही वर. बाबा तिथून हलेनात. मी दुभाषी झाले.

"शिकागोकडचे घोडागाडीवालेच या बनवायचे," आजोबांनी सांगितलं. "चिखलातून जायला चाकं उंच. पुढे रस्ते पक्के झाले आणि यांचे कारखाने बसले."

"आमचंही तेच झालं म्हणावं," बाबा म्हणाले.

रविवारी गावातून निघणाऱ्या परेडमध्ये आजोबांना बग्गी न्यायची होती, पण चारही चाकांचे आरे ढिले. एकाचे तर खुळखुळतच होते. ते चाक त्यांनी बाबांना बघायला दिलं आणि दोन दिवस मुलीकडे गेले. सुताराला बघायला दिलं म्हणजे करायलाच दिलं की! आजोबा परतले तेव्हा चाक माझ्या लेकीच्या प्लास्टिकच्या पूलमध्ये बुडालेलं होतं. गावाकडे उन्हाळ्यात सुकलेलं चाक ओढ्यात टाकतात, लाकूड फुगतं आणि आरे घट्ट बसतात. बाबांनी तेच केलं होतं.

"आजोबा, दॅट्स माय पूल!" लेक बाबांवर किंचाळत होती. शेजारचे आजोबा मात्र वाकून चाक बघत होते. त्यांनी स्वतः चढवलेल्या तांबड्या वार्निशवर पांढरे चट्टे उठले होते. मला तर तोंड कुठे लपवू असं झालं.

बाबांनी शांतपणे चाक बाहेर काढलं आणि आजोबांचा हात धरून आऱ्यावर ठेवला. त्यांनी हलवून पाहिला. हलेना. एकेक करत त्यांनी सगळे आरे हलवले, पुन्हा चट्ट्यांकडे पाहिलं आणि खो खो हसत सुटले.

रविवारी ते चट्ट्याचट्ट्यांचं चाक थाटात फिरलं. आजोबांच्या शेजारी आमचे बाबा, पांढरी टोपी घालून, दोन्ही बाजूंना हात करत. जणू यांना शॉमबर्ग इनामच मिळालंय!

संध्याकाळी मी भीत भीत विचारलं, "बाबा, काढू का मग अलीकडचं तिकीट?"

"वेडी का काय? तीन चाकं राहिलीत अजून."