सावडीचा शनिवार

माझा आवाज मोठा आहे. नाशिकला माहेरी सगळ्यांचाच होता, त्यामुळे तिथे कुणाच्या लक्षात आलं नाही. मग परदेशात, अवोन्डेलच्या लाकडी घरात राहायला आलो आणि माझ्या मुलीच्या गणिताची प्रगती कुंपणापलीकडच्या शेजारणीला रोजच्या रोज कळायला लागली.

शेजारीण तैवानची. "म्हणजे चिनी," असं मी पहिल्याच भेटीत ठोकून दिलं. "नाही," ती हसली. "आम्ही आमिस. ते यायच्या कितीतरी आधीपासून तिथले." तिचं गाव पूर्वेच्या किनाऱ्यावर. त्यांच्यात म्हणे पूर्वापार घर बाईचं, लग्न झालं की नवराच बायकोच्या घरी राहायला यायचा. हे ऐकून माझा नवरा म्हणाला, "मग आपल्याकडे काय वेगळं आहे?" मी लक्ष दिलं नाही.

आमच्या दोघींच्या मुली एकाच वर्गात, इयर इलेव्हनला, म्हणजे आपली दहावीच. माझी हुशार आहे. आई म्हणून म्हणत नाही, तिचे टीचरही तेच म्हणतात. पण सप्टेंबरच्या सराव परीक्षेत ती गणिताचा पेपर अर्धा कोरा टाकून हॉलमधून उठून आली. का गं? तर "आय डोन्ट नो." नोव्हेंबरात खरी परीक्षा. पुन्हा उठून आली तर? माझी तर झोपच उडाली होती.

शाळेतल्या पालकसभेला मी टीचरवर प्रश्नांची सरबत्ती केली. माझ्यानंतर शेजारणीचा नंबर होता. तिच्या मुलीचंही गणित कच्चंच. टीचरचं सगळं तिनं शांतपणे ऐकून घेतलं, मग मुलीकडे वळून विचारलं, "तुला काय वाटतं?" मुलगी म्हणाली, "जमेल हळूहळू." आई म्हणाली, "बरं." संपलं! एवढ्यासाठी ही बाई वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरातून अर्धी रजा टाकून आली होती.

बाहेर आल्यावर मला राहवलं नाही. "अगं, तू काहीच कसं विचारलं नाहीस?"

"शिकायचंय तिला," ती म्हणाली. "तिला विचारलं की."

ही काय आई आहे का, असं मी घरी येऊन नवऱ्याला म्हटलं. माझ्या मुलीला तर मी वर्षभर दर शनिवारी गणिताला बसवायचेच, मग त्या पोरीची कणव येऊन तिलाही बरोबर बसवायला लागले. अल्बनीच्या ऑफिसात दिवसभर सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणं हेच माझं काम, तेव्हा चूक दिसली की तोंड आपोआप सुटतं. चिन्ह चुकलं रे चुकलं की मी ओरडायची, "अगं मायनस! मायनस!" शेजारणीची मुलगी दचकायची आणि मग खुदकन हसायची. माझी हसायची नाही. ती पेन्सिल खाली ठेवून द्यायची.

परीक्षेच्या आधीच्या शनिवारी सकाळी शेजारीण गमबूट चढवून आमच्या दारात हजर.

"आज माझी पाळी. तुझी मुलगी आज माझ्याकडे शिकणार."

"काय शिकणार?"

"रानभाज्या."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अगं, बुधवारी पेपर आहे! आणि मी काय परतफेडीसाठी शिकवत होते का? एक मदत म्हणून केलं."

मदत म्हटल्यावर तिचा चेहरा उतरला. मग तिनं तिच्या मोडक्या इंग्रजीत माझ्या मोडक्या इंग्रजीला समजावलं. त्यांच्या गावात आज तू माझ्या शेतात राबलीस, तर उद्या मी तुझ्या शेतात राबायचं. नुसतं घेऊन गप्प बसायचं म्हणजे लाज.

अगं बाई, ही तर सावड! माझे वडील सांगायचे, पेरणीला आज सगळे यांच्याकडे, उद्या त्यांच्याकडे, आणि ज्याची सावड फेडायची राहिली तो चारचौघांत नजर वर करायचा नाही. आता हिला नाही कसं म्हणणार? तोवर माझी मुलगी बापाचे गमबूट घालून बाहेर जाऊनही उभी राहिली होती.

न्यू लिनच्या पुढे शेजारणीच्या ओळखीतल्यांचा भाजीचा मळा आहे, तिथे गेल्या तिघी. माझा दिवस कसा गेला ते माझं मला माहीत. दुपार कलल्यावर परत आल्या तेव्हा माझी पोर ढोपरापर्यंत चिखलात, हातात पिशवीभर पाला आणि तोंडाची टकळी चालू. "आई, लुक, चाकवत! आजी आलेली तेव्हा मार्केटमध्ये शोधत होती ना, तेच! देअर वॉज हीप्स!"

"बरं बरं. हातपाय धू आणि पुस्तक काढ," मी म्हटलं. नेहमीच्याच आवाजात.

टकळी बंद. ती आत निघाली, पण दारातून परत वळली. आंटीनं सांगितलंय म्हणाली, शिकून आलेलं घरी कुणाला तरी शिकवायचं, तेव्हा कुठे ते आपलं होतं. आणि घरात मीच एकटी होते. नवरा अशा वेळी बरोबर बाहेर असतो.

मग काय, स्लिपरा, म्हणजे इथल्या भाषेत जँडल्स, अडकवून मी आमच्याच परसात, कुंपणाकडेच्या तणात वाकले. चाकवताचं पान कसं ओळखायचं ते तिनं एकदा दाखवलं आणि माझ्या शेजारी उकिडवी बसली. मी एक खुडलं. तिनं बघितलं आणि बाजूला ठेवलं. दुसरं खुडलं, तेही बाजूला. तिसरं तिनं पिशवीत टाकलं.

"बाजूला ठेवलेली चुकली का गं?"

"हं."

"मग सांगत का नाहीस?"

"शेवटी सगळं एकत्र बघायचं. टेक युअर टाइम, आई."

मी खुडत राहिले आणि चुकत राहिले. दर पानाला वाटायचं, आता ओरडेल, आता ओरडेल. खांदे आखडून गेले माझे. ती मात्र मजेत बसली होती.

"इतकी चुकतेय, तुला माझा राग नाही येत?" मी शेवटी विचारलं.

ती पानं निवडता निवडताच बोलली, आणि एरवी इंग्रजी मिसळल्याशिवाय न बोलणारी पोर चक्क सरळ मराठीत बोलली. "सराव परीक्षेच्या दिवशी हॉलमध्ये तू नव्हतीस ना, आई. तरी मला तुझा आवाज येत होता. मायनस, मायनस. मग मला पेपर दिसेना."

मला फार वाईट वाटलं. थोडा रागही आला, खोटं कशाला बोलू? मी पुढचं पान खुडलं. तेही चुकलं. शेवटी आम्ही सगळं एकत्र बघितलं तेव्हा माझा बाजूला काढलेला ढीग पिशवीपेक्षा मोठा होता, आणि आम्ही दोघी पोट धरून हसलो.

बुधवारी दोघी मुलींना गाडीनं शाळेत सोडलं. नीट वाच, घाई करू नकोस, चिन्हं तपास, सगळं तोंडाशी आलं होतं. महत्प्रयासानं गिळलं आणि नुसतं "जा" म्हटलं. ऑफिसला रजा टाकली होती. शाळेबाहेर गाडीतच बसून राहिले, डोळे दाराला चिकटवून. कुणीही पोर बाहेर आलं की काच खाली करून बघायची, आपलीच तर नाही ना.

बऱ्याच वेळानं शेजारणीची मुलगी सफरचंद खात आली आणि मागच्या सीटवर बसली. "ती अजून लिहितेय," म्हणाली. मला एकदम रडूच फुटलं. त्या पोरीनं बिचारीनं उरलेलं सफरचंद माझ्यापुढे धरलं.

माझी अगदी शेवटी बाहेर आली. पुढचं दार उघडून बसली, पट्टा लावला आणि सरळ माझ्या तोंडाकडे बघत म्हणाली, "एक चुकलंय. मायनसच."

माझं तोंड उघडलं. मग मिटलं.

"घरी जाऊन सगळं एकत्र बघू," मी म्हटलं, ते इतक्या हळू की मागच्या सीटवरून काळजीनं प्रश्न आला, "आंटी, तुम्हाला बरं नाही का?"